समुद्राची वाळू कोणाच्या बापाची?



देवनहळ्ळीला समुद्र नाही. मंगळूरचा किनारा इथून साडेतीनशे किलोमीटर. तरी हा विषय इथूनच मांडतो, कारण वाळूची भूक इथे उघड्या डोळ्यांनी दिसते. २००८ साली विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षांच्या व पपनसांच्या या तालुक्यात इमारतींचे पीक आले. नदीची वाळू पुरेना, तेव्हा तळ्यांची आणि शेतांची माती धुऊन ‘फिल्टर वाळू’ काढली गेली. गाळपेराची जमीन खड्ड्यात गेली. आता नजर समुद्राच्या तळावर आहे.

केंद्र सरकारने सागरी खनिजांचा २००२ चा कायदा २०२३ मध्ये बदलला. लिलाव बोला, ५० वर्षांचा पट्टा घ्या! नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या १३ गटांचा लिलाव पुकारला. त्यांतले तीन केरळच्या कोल्लमसमोरचे, बांधकामाच्या वाळूचे.

म्हणतात, ही वाळू तळाशी नुसती पडून आहे. बरे, मानू. मग तिच्यावर पहिला हक्क कोणाचा? लक्षद्वीपमधल्या बंगारमजवळचे पराली-१ हे निर्मनुष्य बेट धुपून नाहीसे झाल्याचे २०१७ च्या अभ्यासात दिसले. आमच्या रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याचे दुखणेही जुनेच. समुद्रातली वाळू आणून धुपणारा किनारा भरता येतो, हे आम्ही नाकारत नाही. हॉलंडने २०११ मध्ये एकाच ठिकाणी सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली. पण ती सरकारी खर्चाने, लोकांच्या रक्षणासाठी, आणि किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातून काढून.

खोलीचे महत्त्व आपल्या गँगमधल्या कोणालाही शिकवावे लागणार नाही. शेजारच्या किलोमीटरची खडी उपसून इथल्या स्लीपरखाली घातली, तर पावसाळ्यात रूळ तिकडे बसणारच. किनाऱ्यालगत खड्डा केला की लाटा तो भरायला किनाऱ्याचीच वाळू ओढून नेतात. वाळूचा कणही मूळ किनाऱ्याच्या जाडीचा हवा; बारीक असेल तर टिकत नाही. बेटांच्या बाबतीत आणखी एक: उपशाचा गाळ पोवळ्यांवर बसला तर लाटा अडवणारी भिंतच मरते. आणि एकदा भरून भागत नाही, काही वर्षांनी पुन्हा भरावे लागते. म्हणजे हे काम रुळाच्या देखभालीसारखे कायमचे. ते कायम खात्याने करावे, टेंडर भरून पसार होणाऱ्या ठेकेदाराने नव्हे. (ठेकेदारी म्हणजे काय, हे रेल्वे आणि टपालवाल्यांना मी काय सांगणार!)

केरळच्या मच्छीमारांनी २७ फेब्रुवारी २०२५ रोजी किनाराभर हरताळ पाळला. पुढच्याच महिन्यात तिथल्या विधानसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला. आमच्या किती शाखांच्या बैठकीत हा विषय निघाला? ‘तो कोळ्यांचा प्रश्न’ म्हणून सोडून दिला ना? इथल्या १३ गावांनी १,७७७ एकरांसाठी एप्रिल २०२२ पासून धरणे धरले, तेव्हा कामगार संघटना शेतकऱ्यांच्या मांडवात जाऊन बसल्या. जुलै २०२५ मध्ये सरकारने संपादन मागे घेतले.

शाखांनी पुढील बैठकीत ठराव घ्यावा: सागरी वाळूचा लिलाव रद्द करा, काढायचीच तर मच्छीमारांच्या संमतीने, सार्वजनिक खात्यामार्फत आणि फक्त बेटे व किनारे राखण्यासाठी. ठरावाची प्रत फेडरेशनच्या कार्यालयाकडे पाठवावी.