उडी जमते, उतरणे जमत नाही

बेडकाने उडी मारावी आणि पाठीवर आपटावे, हे कोणालाही खरे वाटणार नाही. ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात पालापाचोळ्यात राहणाऱ्या ब्राकिसेफॅलस या चिमुकल्या बेडकांचे मात्र हे नेहमीचेच आहे. पूर्ण वाढलेला बेडूक जेमतेम सेंटीमीटरभर. उडी बरी सुरू होते. पण हवेत अंग गरगरते आणि तो कसाही कोसळतो.

दोष पायांचा नाही, कानाचा आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव किंचित मागे रेंगाळतो, त्याने सूक्ष्म केस वाकतात आणि आपण वळलो हे मेंदूला कळते. नलिका फारच अरुंद असली तर द्रव नीट हलत नाही. या बेडकांच्या नलिका प्रौढ पृष्ठवंशीय प्राण्यांत आजवर मोजलेल्यांत सर्वांत लहान आहेत, असे २०२२ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. शरीर लहान करता येते. द्रवाचे नियम बदलता येत नाहीत.

बेडकाच्या कानाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. आपल्याही कानात अशाच तीन नलिका आहेत. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाचा अभ्यास करण्यासाठी नासाने १९७० मध्ये दोन बेडूक अंतराळात पाठवले होते, ते उगीच नव्हे.

आपण मात्र चक्कर आली की बीपी, साखर, पित्त, अशक्तपणा, मानेचे मणके असा सगळा फेरा करतो. कान आठवतो तो शेवटी. कूस बदलताना किंवा मान वर करताना काही क्षण खोली फिरत असेल, तर बहुधा कानातले कॅल्शियमचे कण सरकून नलिकेत शिरलेले असतात. डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते जागेवर आणू शकतात. अनेकांना त्यासाठी गोळ्या लागत नाहीत. चक्करेबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची चक्कर 'वयामुळे होतेच' म्हणून सोडून देऊ नये, कान तपासून घ्यावा. बेडूक हलका, पडला तरी उठून चालू लागतो. आजी पडली तर खुबा मोडतो.