कोरलेल्या अक्षराचे मोल

‘सर, दिवसभर यंत्र चालू असते, गिऱ्हाईक परत जात नाही, उधारीही फारशी नाही, तरी महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, हे कसे?’ असा प्रश्न शाळेतून बाहेर पडून काही वर्षे झालेल्या एका तरुणाने पत्राने विचारला आहे. त्याने लेसर किरणांनी अक्षरे कोरण्याचे छोटेसे दुकान घातले आहे. घरावरच्या पाट्या, स्पर्धांची सन्मानचिन्हे, लग्नातल्या भेटवस्तू अशी कामे तो करतो आणि शेजारचा दुकानदार घेतो म्हणून चौरस इंचावर दर घेतो. हा धंदा आता आपल्या भागात पुष्कळ तरुणांनी धरला आहे, आणि अशा पाट्या करवून घेणारे तर आपण सारेच आहोत. म्हणून त्याला द्यायचे उत्तर येथेच देतो.

अक्षर कोरून घेणे आपल्याला नवे नाही. आहेरात दिलेल्या पितळी डब्यावर देणाऱ्याचे नाव आणि तिथी घालण्याची चाल घरोघर होती. जुने भांडे मोडीत देतानासुद्धा आजीबाई त्यावरचे नाव एकदा वाचून घेत. नावे घालणारा कारागीर मजुरी घेई ती अक्षरामागे. तो हिशेब रास्त होता, कारण छिन्नीला श्रम पडत ते अक्षरागणिक. लेसर यंत्राचे श्रम मात्र अक्षरावर मोजता येत नाहीत आणि नुसत्या चौरस इंचावरही येत नाहीत. ते मोजावे लागतात मिनिटांवर.

हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात पाहू. लाकूड, ॲक्रिलिक, चामडे यांवर चालणारी बहुतेक मोठी यंत्रे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरवर चालतात. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. आरशांवरून वळत तो भिंगापर्यंत येतो, एका बिंदूत एकवटतो आणि तेथील पदार्थ जाळतो. उघडे पितळ, तांबे वा पोलाद तो किरण बव्हंशी परतवून लावते, म्हणून धातूसाठी फायबर लेसर नावाचे निराळे यंत्र लागते. हे ज्याला ठाऊक नाही तो दुकानदार नको ते काम अंगावर घेतो आणि दिवस वाया घालवतो.

कोरताना यंत्राचे शीर्ष विणकराच्या धोट्यासारखे इकडून तिकडे फिरते आणि एकेक रेघ ओढते. समजा, १०० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर उंच मजकूर आहे व दोन रेघांत ०.१ मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे रेघा झाल्या ५००. वळण्यासाठी दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर जागा धरली तर प्रत्येक फेरी १२० मिलिमीटरची. वेग सेकंदाला ३०० मिलिमीटर असेल तर एका रेघेस ०.४ सेकंद आणि एकूण २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद. छायाचित्र कोरायचे म्हणून रेघांमधले अंतर निम्मे केले की त्याच जागेला दुप्पट वेळ लागतो. शिसवीसारख्या कठीण लाकडात खोल कोरायचे तर वेग उतरवावा लागतो आणि वेळ आणखी वाढतो. हीच पाटी आडवी न ठेवता उभी ठेवली तर रेघा १०००, प्रत्येक फेरी ७० मिलिमीटरची आणि वेळ सुमारे २३३ सेकंद. चौरस इंच सर्वत्र तेवढेच राहिले, वेळ मात्र बदलत गेला. आमच्या तरुणाच्या नुकसानीचे पहिले कारण हे.

आता मिनिटाचे मोल काढू. पुढचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या वहीतले घालावेत. यंत्राची किंमत २,४०,००० रुपये आणि आयुष्य ५ वर्षे. वर्षाचे २४० दिवस. दुकान दहा तास उघडे असले तरी यंत्र प्रत्यक्ष चालते ते चारच तास, असे धरू. एकूण तास झाले ४,८००, म्हणजे तासाला ५० रुपये झीज. किरणाची नळी २४,००० रुपयांची आणि २,००० तास टिकणारी, तिचे १२ रुपये. वीज २ युनिट, युनिटला ९ रुपये, म्हणजे १८. भाडे, भिंगे, आरसे, दुरुस्ती यांचे ४०. बेरीज १२० रुपये. त्यात स्वतःची मजुरी तासाला १५० मिळवली की २७० रुपये, अर्थात मिनिटाला साडेचार रुपये. आमचा तरुण यांतली वीज तेवढी धरीत होता. नळी संपेल तो दिवस आणि स्वतःचे श्रम या दोन्ही गोष्टी त्याने फुकट समजल्या होत्या.

परंतु खरी गळती याहूनही अलीकडे होते. गिऱ्हाईक चिठोऱ्यावर नाव लिहून देते. ते संगणकावर लिहायचे, अक्षरवळण निवडायचे, जुळवायचे, दाखवायचे, बदलायचे. यात ४० मिनिटे गेली तर ताशी १५० प्रमाणे १०० रुपये झाले. पाटीचा माल ६० रुपयांचा, वाया जाणाऱ्याचे ६. वस्तू ठेवण्या-काढण्यासह यंत्राची ४ मिनिटे, त्यांचे १८. एकाच पाटीचा खर्च झाला १८४ रुपये. त्याच मजकुराच्या पन्नास पाट्या असतील तर पूर्वतयारीचे १०० रुपये पन्नासांत विभागले जाऊन वाट्यास दोनच येतात आणि पाटी पडते ८६ रुपयांना. चौथाई नफा धरला तर एकीचे २३०, पन्नासांतील प्रत्येकीचे १०७ रुपये ५० पैसे. म्हणून तयारीचे शुल्क वेगळे सांगावे आणि वेगळेच लिहावे. ‘एवढ्याशा पाटीला एवढे?’ असे विचारणाऱ्याला हा हिशेब शांतपणे दाखवता येतो.

या तयारीत आपल्या लिपीचा एक विशेष प्रश्न आहे. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात. अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर केल्यावर या आकृत्या एकसंध करून घेतल्या नाहीत, तर चढलेला भाग यंत्राला कित्येकदा रिकामा वाटतो आणि शिरोरेषेत ठिकठिकाणी खाच पडते. तसेच रूपांतर न करता मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तेथे ते अक्षरवळण नसले, तर जोडाक्षरे फुटतात. अक्षरे कापून सुटी काढायची असतील तर अनुस्वार वेगळा पडून हरवतो. त्यासाठी मागे पट्टी हवी. आमच्या बेळगावात एकाच पाटीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन प्रकारची अक्षरे लागतात. मग तपासणीही तिप्पट काळजीने व्हावी. म्हणून नमुना कागदावर छापून गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. कागदावर चुकलेली वेलांटी खोडता येते, सागवानावरची येत नाही.

यंत्राची तयारी हाही मजुरीचाच भाग आहे. भिंग व आरसे पुसणे, भिंगापासून वस्तूपर्यंतचे अंतर मापपट्टीने नेमके करणे, त्याच मालाच्या तुकड्यावर वेग आणि शक्ती यांच्या छोट्या चौकटी कोरून पाहणे, ही कामे दर वेळी करावीत. ॲक्रिलिक साच्यात ओतलेले असेल तर कोरीव भाग पांढरा उठतो. दाबून काढलेल्या ॲक्रिलिकवर तो जवळजवळ पारदर्शकच राहतो. पुष्कळ नग असतील तर जाड पुठ्ठ्यात वस्तूच्या आकाराच्या खाचा कापून साचा करावा, म्हणजे प्रत्येक नग त्याच जागी बसतो. पीव्हीसी आणि त्याचे थर असलेले रेक्झिन मात्र कितीही पैसे मिळाले तरी यंत्रात घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो छातीला घातक, आणि यंत्रही गंजवतो. यंत्र चालू असताना जागेवरून उठू नये आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे.

शेवटी एका नाजूक कामाविषयी. कोणी वडिलांचे घड्याळ, कोणी आईची चंदनाची पेटी घेऊन येतो. येथे दुसरा नग नसतो. बिघडले तर भरपाई पैशांनी होत नाही. अशा कामाला अधिक दर लावणे हा लोभ नव्हे. धोका आधी स्पष्ट सांगावा, मान्यता लेखी घ्यावी, आधी त्याच जातीच्या लाकडावर कोरून पाहावे, आणि मन कचरत असेल तर काम नम्रपणे परत करावे.

वाचकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. नावाचे शुद्ध रूप स्वच्छ अक्षरात लिहून द्यावे, घाई करू नये आणि तयारीचे पैसे मागितले तर कपाळाला आठी घालू नये. आणि माझ्या तरुण मित्राला एवढेच सांगतो की, उद्यापासून गल्ल्याशेजारी एक वही ठेव. प्रत्येक कामाला लागलेली मिनिटे तीत लिही. महिन्याभरात तुझा दर ती वहीच तुला सांगेल. शेजारच्या दुकानाकडे पाहण्याचे कारण उरणार नाही.