गुडघ्याच्या पट्टीला तिचं काम करू द्या

गुडघा झिजलेल्या माणसाला आपण एका दमात दोन सल्ले देतो: रोज चाला, आणि दुखत असेल तर जपा. दुखतं म्हणून हालचाल कमी होते, मग मांडीचे स्नायू दुबळे पडतात आणि त्यांचा आधार सुटलेला गुडघा आणखी दुखतो. हुबळी-धारवाडकडे अजूनही कितीतरी घरांत भाजी निवडण्यापासून पूजेपर्यंत सगळं जमिनीवर बसून होतं. तिथे दुखऱ्या गुडघ्याचा जाच दिवसभर पुरतो. हे चक्र तोडायला फिजिओथेरपिस्ट लावतात ती चिकटपट्टी उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. गुडघ्याची वाटी किंचित आत ओढून धरायची आणि तिच्याखालच्या चरबीच्या गादीवरचा ताण हलका करायचा, एवढंच तिचं काम. झिजलेली कूर्चा तिने भरून येत नाही, आणि तसं सांगून कुणी ती विकू नये.

पण हा नुसता मनाचा खेळ नाही का? 2003 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत हाच प्रश्न तपासला होता. 87 रुग्णांचे तीन गट केले. तीन आठवड्यांनी योग्य ताण देऊन पट्टी लावलेल्यांपैकी 73 टक्क्यांना बरं वाटलं, नुसतीच पट्टी चिकटवलेल्यांपैकी 49 टक्क्यांना आणि पट्टी न लावलेल्यांपैकी 10 टक्क्यांना. म्हणजे मनाचा वाटा मोठा आहेच, पण पट्टी कशी लावली यालाही अर्थ आहे. चाचणी लहान होती, हे मान्य. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2022 ची मार्गदर्शक सूचना तर पट्टी सरसकट देऊ नका असंच सांगते. मात्र सांधा अस्थिर असेल किंवा त्यावर भार चुकीचा पडत असेल, आधाराविना व्यायाम जमत नसेल आणि आधाराने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल, तर ती मुभा ठेवते. माझा आग्रह नेमका याच रुग्णांसाठी आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, कातडी लाल होते. मधुमेह असलेल्यांनी आणि पातळ कातडीच्या वृद्धांनी तर जास्तच जपायला हवं. खाज सुटली की पट्टी लगेच काढायची, हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. धारवाडला सत्तूरमध्ये फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, हुबळीत मोठं सरकारी रुग्णालय आहे. अशा ठिकाणी रुग्णाच्या सुनेला किंवा मुलाला पट्टी लावायला शिकवावी आणि ती लावल्या लावल्या, त्याच बैठकीत, खुर्चीवरून दहा वेळा उठबस करून घ्यावी.