आभारात नाव हवे, आणि काम कोणते तेही

कलिन्याचे विद्यापीठ संकुल आणि १९५७ साली सुरू झालेले बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी यांमुळे सांताक्रूझ पूर्वेला जीवशास्त्र आणि औषधशास्त्र शिकलेल्यांची वाण नाही. त्यांतले काहीजण नोकरीऐवजी घरून फ्रीलान्स मेडिकल रायटिंग करतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हे डॉक्टरांचे इंग्रजी नीट करून देतात. प्रत्यक्षात औषधाच्या चाचणीचा प्रोटोकॉल, सरकारी मंजुरीसाठीचा शेकडो पानांचा अहवाल, जर्नलमधला पेपर, सगळे यांच्या हातून जाते. चाचणीत एखाद्या रुग्णाला गंभीर त्रास झाला, तर डोस कधी दिला, त्रास कधी सुरू झाला, इस्पितळात कधी हलवले, पुढे काय झाले, हे तारखेला तारीख जुळवून लिहावे लागते. तारीख चुकली तर दोष औषधाचा की आजाराचा, हेच कळेनासे होते.

एवढे करून पेपरवर नावे डॉक्टरांची. लिहिणाऱ्याचा उल्लेख नसतो, असला तर मोघम. बरेच लेखक म्हणतात, पैसे मिळाले, विषय संपला. मला हे मान्य नाही, कारण यात रुग्णाचाही संबंध येतो.

‘स्टडी ३२९’ घ्या. किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर पॅरॉक्सेटीन गुणकारी आणि सुरक्षित आहे, असे सांगणारा पेपर २००१ साली आला. वर २२ लेखकांची नावे होती. कच्चा मसुदा मात्र औषध कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखन-संस्थेतून आला होता, आणि आभारात त्याचा उल्लेख निव्वळ ‘संपादकीय साहाय्य’ असा झाला. मुळात ठरवलेल्या मुख्य निकषांवर औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलेच नव्हते. पेपरने नंतर जोडलेल्या निकषांवर भर दिला. २०१५ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय जर्नलात स्वतंत्र संशोधकांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा गुण दिसला नाही, उलट आत्महत्येच्या विचारांसारखे धोके वाढलेले दिसले. मधल्या चौदा वर्षांत मुलांना गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांपुढे पहिला पेपर होता.

जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम आता स्पष्ट आहे. निव्वळ लेखनसाहाय्याने कोणी पेपरचा लेखक ठरत नाही. पण अशा माणसाचे नाव आणि त्याने केलेले काम आभारात द्यावे, पैसे कोणी दिले तेही सांगावे. २०२३ पासून एआयचा वापरही जाहीर करावा लागतो. यंत्राचा उल्लेख होतो, तर हाडामांसाच्या लेखकाला लपवायचे कशाला?

म्हणून ॲडव्हान्स घेण्यापूर्वी करारात ओळ घालून घ्या: पहिला मसुदा मी लिहिला, तर आभारात ‘पहिला मसुदा’ असेच शब्द येतील. गोपनीयतेचा करार आड येतो, असे क्लायंट सांगतात. तो करार अप्रकाशित माहितीसाठी असतो. छापून आलेल्या पेपरमागचे लेखकाचे नाव त्यात का कोंडायचे?

दुसरी सवय फुकटची आहे. भारतात १५ जून २००९ पासून औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत सक्तीची आहे. लिहायला बसण्याआधी ती उघडा आणि तिथला मुख्य निकष हातातल्या निकालांच्या तक्त्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर ईमेलने विचारा, फोनवर नको. उत्तर लेखी राहते. असे विचारल्यावर पैसे थकतील ही भीती खरी आहे, पण उद्यम नोंदणी असलेल्या फ्रीलान्सरसारख्या सूक्ष्म उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणे २००६ च्या कायद्याने इथल्या क्लायंटवर बंधनकारक आहे. ती नोंदणी ऑनलाइन, मोफत होते. ज्यांनी अजून केली नसेल, त्यांनी या आठवड्यात करून टाकावी.