नुसते ऐकून शेत पिकत नाही



लागण, बेणे, खते, हुमणी आणि तोडणी या विषयांवर आम्ही या पानातून नेहमी लिहितो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. तो वाचून काही मंडळी म्हणतील, शेतकी खात्याला हा नसता उद्योग सांगितला कोणी? तरी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती. विषय फिरून आपल्या उसापाशीच येतो.

आज अनेक सभासदांच्या घरचे एखादे मूल पुण्याला कॉम्प्युटरचे शिक्षण घेत आहे. कोणी इंजिनिअरिंगला आहे, कोणी बी. सी. एस.ला, कोणी बी. सी. ए.ला. ऊसबिल जमा झाले की त्यातला मोठा वाटा फी, खोलीभाडे आणि खानावळ यांतच जातो. कोर्स संपत आला की वर आणखी एखादा क्लास लागतो. नोकरीची हमी सांगून भरमसाट फी घेणारे क्लास थोडे नाहीत. बाप विचारतो, "बाबा, एवढं शिकतोयस तरी काय?" पोरगं म्हणतं, "पायथन." बापाला वाटतं, हे सापाचं काय काढलं आता!

तर पायथन ही कॉम्प्युटरला काम सांगण्याची एक भाषा आहे. नेदरलँड्समधील गीडो व्हान रॉसम या गृहस्थांनी ती १९८९ च्या अखेरीस लिहावयास घेतली आणि १९९१ साली लोकांच्या हाती दिली. नावाचा सापाशी संबंध नाही. ब्रिटनमधील एका विनोदी टेलिव्हिजन कार्यक्रमावरून ते ठेवले आहे. ही भाषा वापरायला पैसे पडत नाहीत. ती कशी बनली हे कोणीही उघडून पाहू शकतो, सुधारणाही सुचवू शकतो. २०१८ च्या जुलैत व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा आपला अधिकार सोडला. त्यानंतर भाषेवर काम करणाऱ्या मंडळींनी मतदान करून पाच जणांचे मंडळ निवडले आणि २०१९ पासून कारभार अशा निवडून आलेल्या मंडळाकडे आहे. सहकारात मुरलेल्या आपल्यासारख्यांना ही रीत समजावून सांगायला नको.

या भाषेच्या वापरणाऱ्यांनी गावोगाव आपापले गट काढले आहेत. पुण्यातही पायथन-पुणे या नावाने असा गट चालत आला आहे. सबंध देशाचा मेळावा, ज्याला पायकॉन इंडिया म्हणतात, तो २००९ साली बंगलोरला सुरू झाला आणि २०११ साली पुण्यात भरला होता. म्हणजे हे सारे आपल्या पोरांच्या खोलीपासून बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहे.

अशा गटांची रीत साधी असते. महिन्यातून एकदा, बहुधा सुट्टीच्या दिवशी, एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या जागेत मंडळी जमतात. फी नसते, डिग्री कोणी विचारत नाही. एखादा जण आपण केलेले काम अर्धापाऊण तास मांडतो, मग प्रश्नोत्तरे होतात. काही वेळा पाचपाच मिनिटांची छोटी भाषणे असतात. त्यांत नवखाही उभा राहू शकतो. त्यानंतर चहा आणि उभ्याउभ्या गप्पा. जागा मिळविणे, खुर्च्या लावणे, वक्ता ठरविणे ही कामे सभासदच हौसेने करतात.

आमचे सांगणे असे की, आपल्या पोरांनी या बैठकांना जावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिथे जाऊन गप बसू नये.

आपल्याकडचेच पाहा. शिवारफेरीला पन्नास माणसे येतात. त्यांतली चाळीस बांधावर उभी राहून ऐकतात आणि घरी जातात. दहा जण मात्र विचारतात, "साहेब, माझ्या खोडव्याला फुटवा का कमी?" कोणी पिशवीतून पिवळे पडलेले पान काढून दाखवतो. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या ज्ञानयागाला जाऊन येणाऱ्यांतही हेच दोन प्रकार असतात. जो स्वतःच्या रानाचा प्रश्न घेऊन जातो, तोच काहीतरी घेऊन परततो. कॉम्प्युटरच्या बैठकीत तरी वेगळे काय असणार?

आता उसाचे उदाहरण घेऊ. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर ठरतो, हे आपण जाणता. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने गावातील ऊसनोंदींची यादी घेऊन तारखेप्रमाणे क्रम लावणारा छोटा प्रोग्राम लिहिला. एका सभासदाची आडसाली लागण १२-०७-२०२४ ची, म्हणजे बारा जुलैची. दुसऱ्याची ०५-०८-२०२४ ची, म्हणजे पाच ऑगस्टची. आधी तोड कोणाला? जुलैवाल्याला, हे शेंबडे पोरही सांगेल. पण या तारखा नुसती अक्षरे म्हणून भरल्या असतील, तर कॉम्प्युटर त्या डावीकडून एकेक अक्षर ताडून पाहतो. शून्य हा एकाच्या आधी येतो, म्हणून तो पाच ऑगस्टला बारा जुलैच्या वर बसवतो. प्रोग्राम कुठे अडत नाही, चूक दाखवीत नाही. यादी सुबक छापून येते आणि जुलैचा ऊस मागे राहतो.

मागे राहिलेल्या उसाचे काय होते ते आम्ही सांगायला नको. तुरा येतो, पोकळी धरते, वजन घटते, खोडवा लांबतो. आणि दोन घरांत "माझी पाळी कोणी मारली?" म्हणून जे वैर उभे राहते ते वेगळेच.

याचा उपाय दोन मिनिटांचा आहे. तारीख ही तारीख म्हणूनच भरावी, किंवा निदान वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी लिहावी. म्हणजे क्रम बरोबर लागतो. एकट्या खोलीत बसलेल्या पोराला हे ध्यानात यायला आठवडा लागेल, कदाचित येणारही नाही. बैठकीत त्याने आपली यादी दहा जणांपुढे ठेवली, तर या वाटेने आधी गेलेला कोणीतरी लगेच म्हणेल, "अरे, तारखा बघ आधी." गटात भाग घेण्याची किंमत ती हीच. अनुभवी माणसाची नजर तिथे फुकट मिळते. मात्र ती मिळण्यासाठी आपले काम उघड्यावर मांडावे लागते.

यावर तीन आक्षेप आम्ही हमखास ऐकतो.

पहिला, "तिथं सगळं इंग्रजीत चालतं. आमचं पोरगं बुजतं." खरे आहे. भाषणे पुष्कळदा इंग्रजीत होतात. पण पुण्यातील चहाच्या घोळक्यात मराठी बोलायला कोण कोणाला अडवणार आहे? आणि २००८ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या भाषेत आपण देत असलेली नावे देवनागरीतही लिहिता येतात. वजनकाट्याचे गणित असे मांडले तरी चालते:

ऊस_वजन = भरलेली_गाडी - रिकामी_गाडी

हे वाचायला कोणत्या सभासदाला इंग्रजी लागेल? भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच आहेत, पण ते मोजके आहेत. शिवाय विद्वानांत बसायला बुजण्याची आपली परंपरा नाही. प्रवरेचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ एकत्र बसले म्हणून. एक शेतकरी, दुसरे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. शेतकऱ्याने आपले म्हणणे पोटात ठेवले असते, तर अर्थशास्त्रज्ञाला तरी काय कळले असते?

दुसरा आक्षेप, "याने नोकरी लागते का?" हमी कोणी देऊ नये आणि आम्हीही देत नाही. इतकेच म्हणू की, काम देणारे आणि काम करणारे अशा बैठकांत शेजारीशेजारी बसतात. चार बैठकांत ज्याने नीट प्रश्न विचारले, एकदा पाच मिनिटे उभा राहून बोलला, खुर्च्या लावायला हात दिला, तो लोकांच्या लक्षात राहतो. मात्र पहिल्याच दिवशी हातात अर्ज घेऊन फिरणारा कोणालाही नकोसा होतो. पैरा कसा चालतो ते आठवावे. आधी दुसऱ्याच्या रानात राबावे लागते, मग आपल्या रानात माणसे येतात.

तिसरा आक्षेप नवा आहे. "आता यंत्रच प्रोग्राम लिहून देतं म्हणे. मग शिकायचं कशाला?" होय, आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रोग्राम लिहवून घेता येतो. परंतु तो बरोबर आहे की नाही हे पाहायचे कोणी? वरच्या उदाहरणात यादी सुबकच छापून आली होती. बारा जुलै आधी की पाच ऑगस्ट, हे ज्याच्या घरी ऊस उभा आहे त्याला जितके बोचते, तितके यंत्राला बोचत नाही. लिहिणे सोपे झाले, म्हणून तपासणाऱ्याची गरज उलट वाढली आहे.

मुलींबद्दल दोन शब्द. अशा बैठकांत पुरुषमंडळी जास्त असतात, म्हणून घरचे लोक मुलीला पाठवायला कचरतात. ही अडचण बाहेरच्या देशांतही होती. म्हणूनच २०११ साली लॉस एंजेलिसला पायलेडीज हा स्त्रियांचा गट निघाला आणि त्याच्या शाखा अनेक देशांत झाल्या. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून जावे. एकटीपेक्षा ते सोपे पडते. ऊसबिलाची वही अनेक घरांत मुलगीच लिहिते. मग पुढचे काम तिला का जमू नये?

आता काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पुण्यात असलेल्या मुलामुलींनी लागोपाठ तीन बैठकांना जावे. पहिलीत निम्मे डोक्यावरून जाईल. तेवढ्यावर सोडू नये. दुसरीत एक तरी प्रश्न विचारावा. तिसरीत स्वतःचे छोटे काम दाखवावे. काम घरचेच घ्यावे. मागील पाच वर्षांच्या ऊसवजनाच्या स्लिपा पाहून एकरी उतारा काढावा, लागण आणि खोडवा वेगळा दाखवावा. मात्र लोकांपुढे मांडताना दुसऱ्या सभासदाचे नाव, खाते नंबर उघड करू नये.

सभासदांनी पोराला एवढेच विचारावे, "या महिन्यात बैठकीला गेलास का? काय विचारलंस?" फीच्या पावतीपेक्षा या उत्तरावरून शिक्षण कळेल.

आणि दिवाळीच्या सुट्टीत ही पोरे गावी आली, की आपल्या गट ऑफिसातच एक बैठक घ्यावी, असा आमचा विचार आहे. खोली, सतरंजी आणि चहा शेतकी खात्याकडून. चिटबॉय मंडळींनाही बोलावू, कारण बांधावर उभे राहून नोंद लिहिणारे तेच. तारीख चुकीची भरली तर पुढचा कोणताही प्रोग्राम ती सुधारू शकत नाही. आपल्या नोंदी, आपली पाळी, आपले वजन कॉम्प्युटरवर कसे चढते हे वाचू शकणारी दहा पोरे गावात तयार झाली, तर संशयही कमी होतील आणि चुका लपूनही राहणार नाहीत. कारखाना आपला म्हणायचा आणि त्याचा हिशेब मांडणारी भाषा मात्र परक्याची, हे फार काळ चालू देणे बरे नव्हे.

सुज्ञ सभासद विचार करतीलच. ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे, त्यांनी त्याचे नाव आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे नोंदवावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते