खकाण्याची मजुरी

मिरची लाल झाली की केशोरी परिसरातल्या अंगणांचा रंग पालटतो. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा भाग धानाइतकाच मिरचीसाठी ओळखला जातो. ती तोडणारे, वाळवणारे, देठ खुडणारे हात बहुतेक बायांचे. विदर्भात जागोजागी मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची वाळवण्या-खुडण्याच्या जागा, भरतात, तिथेही त्याच. दिवसभर वाळल्या मिरचीच्या ढिगाशी बसायचे, म्हणजे दिवसभर खकाणा, मिरचीची तिखट धूळ, छातीत घ्यायचा. संध्याकाळी हातांची आग, रात्री खोकला. विचारले तर उत्तर मिळते, ‘मिरचीचं काम म्हटल्यावर ठसका लागणारच.’ हा ‘लागणारच’ आपण सर्वांनी फार सहज मान्य केला आहे. कामातून जडलेला खोकला कामाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंची आग होते आणि ठसका लागतो. ही आग ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने 1997 मध्ये शोधला. त्या कामाला 2021 चे नोबेल मिळाले. ढिगापासून दूर गेल्यावर हा ठसका बहुधा शमतो. खरी भीती बुरशीची आहे. वाळवताना ओल राहिलेल्या मिरचीवर बुरशी धरते, तिचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात खोल उतरतात आणि काहींना त्यांची अॅलर्जी होते. काम संपल्यावर काही तासांनी ताप, कणकण, धाप. हे वारंवार घडले तर फुप्फुसावर कायमचे वण पडू शकतात. पाप्रिका मिरची चिरणाऱ्या मजुरांमधला असा विकार वैद्यकाला ठाऊक आहे. इथे मात्र तोच ताप ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढला जातो.

श्रीलंकेचे डॉ. सी. जी. उरगोडा यांनी 1967 मध्ये मिरची दळणाऱ्या कामगारांच्या तक्रारी नोंदवल्या आणि 1970 मध्ये चहाच्या कारखान्यांतल्या धुळीने होणाऱ्या दम्यावर लिहिले. त्याआधी 1700 मध्ये इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी धान्य चाळणाऱ्यांचे आणि तंबाखूत काम करणाऱ्यांचे आजार ग्रंथात मांडले आणि वैद्यांना सांगितले, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक केसपेपरवर हा प्रश्न हवा. याच गोंदिया जिल्ह्यात तंबाखूच्या भुकटीत विडी वळणाऱ्या बाया आहेत, राइस मिलमध्ये कोंड्याच्या धुळीत पोती उचलणारे हमाल आहेत. त्यांच्या खोकल्यालाही हाच प्रश्न लागू आहे.

कायदा याबाबत मुका नाही. सेंद्रिय धुळीने होणाऱ्या अॅलर्जीजन्य फुप्फुसविकाराला 1923 च्या भरपाई कायद्याने व्यवसायजन्य आजारांच्या यादीत स्थान दिले. पण भरपाई मागायची तर आपण कोणाकडे, किती वर्षे राबलो हे दाखवावे लागते. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर नसेल, तर ती यादी तिच्यापर्यंत पोहोचणार कशी? म्हणून कामगार विभागाने आधी सातऱ्यांवरच्या मजुरांची नोंद करावी.

बाकीचे उपाय फार खर्चाचे नाहीत. मिरची ओलसर जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा ओट्यावर पूर्ण वाळवावी. बुरशी टळली तर भावही टिकतो. देठ खुडण्याचे काम मोकळ्या हवेत, सावलीत व्हावे आणि धूळ बायांच्या तोंडावर न येता दूर जाईल अशी बैठक असावी. मिरची दळणाऱ्या गिरणीत धूळ बाहेर ओढणारा पंखा हवा. नाकावरचा पदर बारीक धूळ अडवत नाही. नीट बसणारा एन-95 मास्क आणि हातमोजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने द्यावेत. हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य केंद्राने या मजुरांचा श्वास तपासावा आणि धाप टिकलेल्यांना पुढील तपासणीसाठी पाठवावे.

केशोरीच्या मिरचीला चांगला भाव मिळावा ही मागणी रास्त आहे आणि आम्ही तिच्या बाजूने आहोत. त्या भावात ती खुडणाऱ्या बाईच्या श्वासाची राखणही धरलेली असावी. येत्या हंगामात पहिला ढीग पडण्याआधी त्याची तजवीज व्हावी.