दिंडीला ओसरी, एकट्याला रस्ता

आषाढीसाठी पैठणहून निघालेली नाथमहाराजांची पालखी आरंभीचे काही मुक्काम शेवगाव तालुक्यात करते. हादगाव, लाडजळगाव ही त्या वाटेवरची गावे. पालखीच्या वाटेवर कोणती दिंडी कोणाच्या वाड्यात उतरायची, पंगतीचे पीठ कोणी द्यायचे, शाळेच्या खोल्या कोणी झाडून ठेवायच्या, हे कोणाला सांगावे लागत नाही. आलेल्या वारकऱ्याला जात, गाव, मिळकत कोणी पुसत नाही. सरकारी आदेशावाचून चालणारी निवाऱ्याची एवढी सुरेख व्यवस्था दुसरी दाखविता येणार नाही.

परंतु हाच माणूस टाळ-पताकेवाचून, दिंडीवाचून, एकटाच आला तर? एस. टी. स्थानकाच्या बाकावरून त्याला उठविले जाते, देवळाला रात्री कुलूप असते. मुलगा-सून ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेली म्हातारी, घराबाहेर काढलेली बाई, भान हरपून भलत्याच गावी उतरलेला मनोरुग्ण, हेच बहुधा आपल्याकडचे बेघर. मोठ्या शहरातल्याप्रमाणे ते पदपथावर रांगेने दिसत नाहीत, म्हणून ते नाहीतच असे आपण धरून चालतो.

शासनाचा हिशेबही असाच. 2013 साली आरंभलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्याचे माप ठरले ते लाख नागरी वस्तीमागे शंभर माणसांचे. 2011 च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आत असलेले शेवगाव या मापात कोठे बसावे? तालुक्याच्या गावाला उरतो तो 1959 चा भिक्षाप्रतिबंधक कायदा, म्हणजे धरपकड. तिचे फळ याच जिल्ह्याने पाहिले आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये शिर्डीत धरलेले भिक्षेकरी श्रीगोंदे तालुक्यातील विसापूरच्या भिक्षेकरीगृहात धाडले गेले आणि त्यांतील चौघे नगरच्या जिल्हा रुग्णालयात मरण पावले. तीर्थक्षेत्र स्वच्छ दिसावे म्हणून हे घडले, ही गोष्ट भाविकाला टोचली पाहिजे. गोदेच्या तापल्या वाळवंटातले अस्पृश्याचे पोर नाथांनी कडेवर घेतल्याची कथा आपण कीर्तनात ऐकतो. पोर कोणाचे, ही चौकशी त्या कथेत कोठेच नाही.

याच जिल्ह्यात दुसरेही उदाहरण आहे. डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने शिंगवे येथे रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘माऊली’ उभी केली. तथापि जिल्ह्याचा सारा भार एका घराने किती वाहावा?

शेवगावने आरंभ लहानच करावा. एखाद्या मंगल कार्यालयाची वा देवस्थानाची एक खोली वर्षभर उघडी असावी, स्त्रियांसाठी निराळी. पंगतीची पाळी गल्लीगल्लीने लावता येईल, ती सवय आपल्याला आहेच. आंघोळ, केस कापणे, ग्रामीण रुग्णालयातली तपासणी ही कामे पहिल्याच दिवशी. आधारपत्र नसल्यास ते काढून देणे, घरच्यांचा शोध घेणे मागाहून. पोलिसांना खबर द्यावी, पण ती हरवलेल्या माणसाची म्हणून, गुन्हेगाराची म्हणून नव्हे. दारुडे येतील, आयतोबा येतील, असा आक्षेप निघेलच. ते वारीतही येतात. म्हणून पंगत कोणी बंद केलेली ऐकिवात नाही. पालखी पुढे गेली की झाडलेल्या खोल्यांना पुन्हा कुलपे लागतात. त्यांतल्या एका खोलीची किल्ली कोणाकडे ठेवायची, एवढे यंदा मुक्कामाच्या बैठकीतच ठरवून टाकावे.